पोटांतला प्रतिध्वनि

लहान मूल रात्रीं पोट धरून रडूं लागलें म्हणजे घरांतील सारीं माणसें जागीं होतात आणि प्रत्येकाच्या मुखांतून निराळें निदान बाहेर पडतें. आजीला वाटतें दृष्ट लागली; ती मीठमोहऱ्या ओंवाळते. आत्याबाईंच्या मतें नळ फुगले आहेत. त्या हिंग कालवून बेंबीभोंवतीं लावतात. वडिलांना लग्नघरच्या जिलबीची आठवण होते आणि ते एरंडेलाची बाटली शोधूं लागतात. बहुतेक वेळां यांपैकीं कोणता तरी उपाय गुणावर आल्यासारखा दिसतो, कारण मुलांची बहुतेक पोटदुखी आपण होऊनच थांबणारी असते. परंतु ज्या थोड्या मुलांची ती थांबणारी नसते, त्यांच्या बाबतींत हा घरगुती वादविवाद, आणि विशेषेंकरून तें एरंडेल, प्राणावर बेततें. सुजलेल्या आंत्रपुच्छावर जुलाबाचा जोर पडला कीं तें फुटण्याचा धोका वाढतो. मेळघाटच्या डोंगराळ मुलखांत तर तान्ह्या मुलाचें पोट फुगलें असतां तापलेल्या सळईनें त्यावर डाग देण्याची चाल आहे, आणि अशा अर्भकांना भाजलेल्या पोटानें इस्पितळांत आणल्याच्या वार्ता आजहि वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळतात.

पोटांत काय चाललें आहे हें पोट न उघडतां कसें कळावें, हा प्रश्न जुना आहे. त्याचें एक उत्तर अखेर माणसाच्या कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीनें दिलें. त्या ध्वनीचा हा वृत्तान्त.

मोठा माणूस दुखणें सांगूं शकतो. कधीं सुरू झालें, कोठें सरकलें, खोकतांना कळ येते कीं काय, हें सारें त्याला विचारतां येतें. तीन वर्षांच्या मुलास विचारलें, 'बाळ, कोठें दुखतें?' तर तें बेंबीवर हात ठेवतें. घसा आला असेल तरी बेंबी, फुप्फुसाच्या खालच्या भागास सूज असेल तरी बेंबी, आणि आंत्रपुच्छ पिकलें असेल तरी प्रथम बेंबीच. त्यांत त्याचा दोष नाहीं. आंत्रपुच्छाच्या आरंभींच्या वेदना वाहून नेणारे ज्ञानतंतु खरोखरीच ती कळ बेंबीच्या ठिकाणीं भासवितात. कांहीं तासांनीं ती उजवीकडे खालीं उतरते. शिवाय परका मनुष्य जवळ आला कीं मूल रडतें, आणि रडणाऱ्या मुलाचें पोट लांकडासारखें ताठ लागतें. म्हणून जुने वैद्य प्रथम मुलाकडे पाहातहि नसत. आईशीं बोलत बसत, हात चोळून ऊब आणीत, आणि मूल तिच्या मांडीवर पेंगलें म्हणजे हळूच त्या पोटावर तळवा ठेवीत. ती एक विद्याच होती, आणि ज्यांच्या अंगीं ती होती त्यांनीं पुष्कळ मुलें वांचविलीं. पण हाताला कातड्याच्या खालचें दिसत नाहीं.

गंमत अशी कीं, आंत्रपुच्छ काढून टाकल्याची जी पहिली नोंद वैद्यकाच्या इतिहासांत आहे ती एका मुलाचीच आहे. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळांत क्लॉडियस अम्यांड नांवाच्या शस्त्रवैद्यानें १७३५ च्या डिसेंबरांत ११ वर्षांच्या एका पोराचा अंतर्गळ कापला. आंत पाहतो तों आंत्रपुच्छ खालीं उतरलेलें, आणि त्याला एका टांचणीनें भोंक पाडलेलें. भूल देण्याची विद्या तेव्हां नव्हती. तो अवयव अम्यांडनें बांधून कापून टाकला आणि मुलगा बरा झाला. हें सारें अवचित घडलें. रोगाची ओळख पटून घडलें नाहीं. ती ओळख पटावयास आणखी १५१ वर्षें लागलीं. उजव्या कुशींतील गळवें आंतड्याच्या दुसऱ्याच भागापासून होतात असें तोंपर्यंत मानीत. इ. स. १८८६ सालीं बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनीं शवविच्छेदनाच्या पुराव्यानें दाखवून दिलें कीं, मूळ अपराधी हें गांडुळाएवढें शेपूट आहे, आणि त्याच्या दाहास त्यांनीं आज रूढ असलेलें नांव दिलें. तीन वर्षांनीं न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी यांनीं बेंबी आणि उजव्या कमरेचें हाड यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून दीड ते दोन इंचांवर, एक बिंदु ठरवून दिला. तेथें बोट रोंवून कळ आली कीं सुरी उचलावी.

निदानास उशीर झाला म्हणजे काय होतें याचें उदाहरण राजवाड्यांतहि घडलें. सातवे एडवर्ड यांचा राज्यारोहणसमारंभ १९०२ च्या जून महिन्याच्या २६ तारखेस व्हावयाचा होता. देशोदेशींचे राजे लंडनांत जमले होते. त्या समारंभासाठीं कोल्हापूरचे शाहू छत्रपतीहि त्या वर्षीं विलायतेस गेले होते. दोन दिवस आधीं, २४ तारखेस, राजाच्या पोटांतील गळूं सर फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांनीं कापून वाहतें केलें; समारंभ ९ ऑगस्टवर गेला आणि राजा वांचला. ट्रीव्ह्ज यांची कीर्ति जगभर झाली. पण याच ट्रीव्ह्जची स्वतःची कन्या दोनच वर्षांपूर्वीं, १९०० सालीं, फुटलेल्या आंत्रपुच्छानें वारली होती. ज्या मनुष्याच्या बोटांवर सारें साम्राज्य विसंबून होतें, त्याच्या घरांत हा रोग वेळेवर ओळखला गेला नाहीं.

यावरून पुढच्या पिढीच्या शस्त्रवैद्यांनीं एक कठोर नियम काढला: संशय आला कीं पोट उघडावें. उघडलेल्या पोटांपैकीं पांचांत एखादें निरोगी निघालें तरी चालेल; जो शस्त्रवैद्य कधींच निरोगी आंत्रपुच्छ काढीत नाहीं तो कांहीं पिकलेलीं मागें ठेवीत असला पाहिजे, असें शिकविलें जाई. हा हिशेब क्रूर वाटतो, पण त्यावेळीं तो चुकीचा नव्हता. पांच वर्षांखालच्या मुलांत तर निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिकांचें आंत्रपुच्छ फुटलेलें सांपडे. सुरी हेंच तेव्हां निदानाचें साधन होतें.

त्याहून लहान मुलांचा एक वेगळाच वैरी आहे. पांचसहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या धष्टपुष्ट मुलांत कधीं कधीं आंतड्याचा एक भाग पुढच्या भागांत शिरतो. अंगरख्याची बाही उलटतांना ती आपल्याच पोटांत शिरावी तसा. मूल एकाएकीं किंचाळतें, पाय पोटाशीं घेतें, पांढरें पडतें, पांच मिनिटांनीं शांत होऊन खेळूं लागतें, पुन्हा किंचाळतें. कांहीं तासांनीं रक्त आणि आंव पडते. आमच्याकडे त्यास हटकून आमांश म्हणून औषध देत, आणि शिरलेलें आंतडें आंत कुजत राही. लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनीं १८७१ सालीं दोन वर्षांच्या एका मुलीचें पोट उघडून असें आंतडें हातानें सोडविलें व ती जगली. असें यश पूर्वीं कोणास क्वचितच आलें होतें. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनीं निराळी वाट धरली. ते गुदद्वारानें पाण्याचा दाब देऊन तें आंतडें मागें ढकलीत. १८७६ सालीं त्यांनीं ही रीत प्रसिद्ध केली आणि १९०५ पर्यंत अशीं १०७ मुलें हाताळलीं. पण पाणी आंत कोठवर पोंचलें, आंतडें सुटलें कीं नाहीं, हें त्यांना बाहेरून पोट चांचपूनच ताडावें लागे. पुढें क्ष-किरण आले. बेरियमची पांढरी खळ चढवून तीं आंतडीं पडद्यावर पाहतां येऊं लागलीं. मात्र त्या किरणांचा प्रसाद मुलाच्या अंगास मिळे तो मिळेच.

आतां ध्वनीकडे वळावयाचें. अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलींतील स्पालान्झानी नांवाचे एक धर्मोपदेशक वटवाघळांच्या नादीं लागले होते. डोळे काढून घेतलेलें वटवाघूळ अंधाऱ्या खोलींत ताणलेल्या दोऱ्यांना न धडकतां उडतें, हें त्यांनीं पाहिलें. जिनीव्हाच्या ज्युरीन यांनीं १७९४ च्या सुमारास त्याचे कान बुजविले, तेव्हां मात्र तें धडकूं लागलें. पण वटवाघळाचा आवाज तर कोणास ऐकूं येत नव्हता! समकालीन विद्वानांनीं त्या दोघांची थट्टा केली. माणसाचा कान सेकंदास फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो, आणि वटवाघूळ त्याच्या पलीकडे ओरडतें, हें १९३८ सालीं हार्वर्ड येथें ग्रिफिन नांवाच्या तरुण विद्यार्थ्यानें यंत्राच्या साहाय्यानें सिद्ध केलें. सुमारें दीडशें वर्षें तो आवाज जगांत होता आणि जगाला त्याचा पत्ता नव्हता.

तसला ध्वनि माणसानें उत्पन्न करावा कसा, याची किल्ली पॅरिसच्या पिअर व झाक क्यूरी या बंधूंना १८८० सालीं सांपडली. गारेचा स्फटिक दाबला तर त्यावर विद्युत् उत्पन्न होते. उलट विद्युत् दिली तर तो स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतो. (नभोवाणी केंद्राच्या लहरी एकाच स्थानीं स्थिर ठेवणारा स्फटिक याच कुळांतला.) पहिल्या महायुद्धांत जर्मन पाणबुड्या जहाजें बुडवूं लागल्या, तेव्हां क्यूरींचे शिष्य लांझव्हँ यांनीं त्या स्फटिकाच्या बळावर समुद्रांत ध्वनि सोडून पाणबुडीवरून परत येणारा प्रतिध्वनि टिपला. पुढें कारखान्यांतून पोलादाच्या लाद्यांमधील न दिसणाऱ्या भेगा शोधण्यास हीच युक्ति वापरूं लागले. विनाशाच्या आणि व्यापाराच्या दारांतूनच ही विद्या वैद्यकाच्या घरांत आली, हें मान्य केलें पाहिजे.

वैद्यकांत ती प्रथम आणणारांत व्हिएन्नाकडील डुसिक होते; त्यांनीं १९४२ सालीं मेंदूचें चित्र काढल्याचें जाहीर केलें, पण तें बहुतांशीं कवटीच्या हाडाचाच खेळ असल्याचें मागाहून ठरलें. पोटाच्या दृष्टीनें खरा आरंभ जॉन वाइल्ड या इंग्रज शस्त्रवैद्यापासून धरावा लागतो. दुसऱ्या महायुद्धांत लंडनवर बाँब पडत असतां, त्या धक्क्यानें पोट फुगलेले रोगी त्यांच्यापुढें येत. फुगलेलें आंतडें नुसतें निपचित पडलें आहे कीं कोठें अडकलें आहे, हें कळण्यास मार्ग नव्हता. आणि पहिल्यांत सुरी चालविणें जितकें घातक, तितकेंच दुसऱ्यांत न चालविणें. युद्धानंतर ते अमेरिकेंत मिनिआपोलिस येथें गेले तेव्हां हा प्रश्न त्यांच्या बरोबर गेला. वैमानिकांना रडार शिकविण्यासाठीं नौदलानें बनविलेलें एक यंत्र त्यांना वापरावयास मिळालें. त्याचा ध्वनि सेकंदास दीड कोटी कंपनांचा. आंतड्याचा तुकडा पाण्यांत ठेवून त्यावर तो ध्वनि सोडतांच एकाऐवजीं तीन प्रतिध्वनि आले. आंतड्याच्या भिंतीचे थर आपापलें अस्तित्व सांगत होते. हें १९५० सालीं प्रसिद्ध झालें. आंतड्याचें दुखणें हाच जिचा जन्मप्रसंग, ती विद्या पुढें तीस वर्षें आंतडें सोडून इतर सर्व अवयवांची सेवा करीत राहिली, हा एक विचित्र योग आहे.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनल्ड युद्धकाळांत विमानदलांत होते. तेथें त्यांना रडारची ओळख झाली होती. १९५५ च्या जुलैंत त्यांनीं आपल्या मोटारीच्या पेटींत काढलेल्या गांठींचे नमुने भरले आणि रेनफ्र्यू गांवीं बाष्पकें तयार करणाऱ्या एका कारखान्यांत नेले. पोलाद तपासण्याचें यंत्र त्या गांठींवर लावलें. तुलनेसाठीं कारखान्याच्या मंडळींनीं गोमांसाचा एक तुकडा आणून ठेवला होता. पाण्यानें भरलेली गांठ आणि भरीव गांठ यांचे प्रतिध्वनि स्पष्ट निराळे निघाले. टॉम ब्राउन नांवाच्या तरुण यंत्रज्ञानें मग खास यंत्र घडविलें. कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेंत म्हणून सोडून दिलेल्या एका बाईच्या पोटांत त्या यंत्रानें नुसतें पाण्याचें मोठें गळूं दाखविलें. शस्त्रक्रिया झाली आणि ती बाई चांगली झाली. १९५८ च्या ७ जूनच्या 'लॅन्सेट' पत्रांत हें सर्व छापून आलें. त्यानंतर गर्भ, यकृत, मूत्रपिंड, पित्ताशय यांचीं चित्रें घरोघर परिचित झालीं.

आंतड्याचें काय? तें वगळलें गेलें याचें कारण वारा. ध्वनि मऊ मांसांतून सेकंदास सुमारें १,५४० मीटर वेगानें सहज जातो. पण हवेची सीमा आली कीं जवळजवळ सारा तेथूनच परत फिरतो. आंतड्यांत वायु भरलेला. म्हणून त्यापलीकडे काळोख. पोटाचें चित्र काढतांना आंतडीं ही एक पीडा, असें त्या शास्त्रांतील लोक म्हणत.

हा समज मोडला तो बराचसा लहान मुलांनीं. १९७७ सालीं बोस्टन येथील टील व स्मिथ यांनीं, जठराचें खालचें तोंड दाट होऊन दूध कारंज्यासारखें ओकणाऱ्या तान्ह्या मुलांत, तें जाड झालेलें तोंड ध्वनिचित्रांत दाखविलें. त्याच वर्षीं बर्क व क्लार्क यांनीं आंतड्यांत शिरलेलें आंतडें या रीतीनें ओळखल्याचें प्रसिद्ध केलें. कांद्याची आडवी चकती कापावी तशीं एकांत एक वर्तुळें पडद्यावर उमटतात. एकदां पाहिलेला मनुष्य तें चित्र विसरत नाहीं. मग हिर्शस्प्रुंगची जुनी रीतहि नव्यानें जन्मास आली: मिठाचें पाणी चढवावयाचें आणि पाणी पुढें सरकतांना, आंतडें मागें हटतांना, तें ध्वनिचित्रांत पाहावयाचें. चीनमधील वांग व ल्यू यांनीं १९८८ सालीं अशा ३७७ मुलांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. किरण नाहीं, सुरी नाहीं. हिर्शस्प्रुंग यांना जें अंधारांत करावें लागलें, तें शंभर वर्षांनीं उजेडांत झालें.

राहिलें आंत्रपुच्छ. हॉलंडमधील ज्युलियन पॉयलार्ट यांनीं १९८६ सालीं, म्हणजे फिट्झ यांच्या निबंधास बरोबर शंभर वर्षें झालीं त्या वर्षीं, एक साधी गोष्ट केली. त्यांनीं यंत्राचा शोधक पोटावर नुसता न टेकतां हळूहळू दाबला. दाबानें मधला वायु बाजूस सरकतो, मऊ आंतडीं चपटीं होतात, आणि शोधक पाठीच्या स्नायूजवळ जातो. निरोगी आंतडें दबतें. सुजलेलें आंत्रपुच्छ दबत नाहीं. तें बोटाएवढ्या ताठ नळीसारखें, एका टोंकास बंद, तसेंच उभें राहतें, आणि त्याची जाडी सहा मिलिमीटरांच्या वर भरते. साठ संशयित रोग्यांवर त्यांनीं ही रीत पाहिली. नवें यंत्र नव्हतें. नवा होता तो हात, आणि खरें म्हणजे तोहि जुनाच, आईच्या मांडीवरील मुलाचें पोट चांचपणाऱ्या वैद्याचा. दाब एकदम देऊन चालत नाहीं. दाबून एकदम सोडूनहि चालत नाहीं, कारण तेव्हांच कळ उठते. लहान मुलें या परीक्षेस विशेष अनुकूल ठरलीं. कंपनें जितकीं अधिक, तितकें चित्र बारीक, पण तितका ध्वनि लवकर विरतो. मुलाच्या पोटावर चरबी थोडी, अंतर थोडें, म्हणून तेथें अतिसूक्ष्म कंपनांचा शोधक चालतो. मोठ्या लठ्ठ माणसांत जें धूसर दिसतें तें मुलांत लख्ख दिसतें. पुढें १९९२ सालीं फ्रान्समधील प्राक्रो आदि मंडळींनीं, आंतड्यास पीळ पडला असतां त्याच्या रक्तवाहिन्या भोंवऱ्यासारख्या गुंडाळलेल्या दिसतात, हें दाखविलें. नवजात अर्भकांत ही खूण तासांच्या हिशेबानें प्राण वांचवूं शकते.

मध्यंतरीं अमेरिकेंत वेगळाच मोह पडला. हाउन्सफील्ड यांचें सी. टी. स्कॅन यंत्र १९७१ पासून आलें होतें. त्यास वायूची अडचण नाहीं, परीक्षकाच्या कौशल्याची गरज थोडी. पोट दुखलें कीं मुलास त्या यंत्रांत घालण्याचा प्रघात पडला. २००१ सालीं ब्रेनर व त्यांचे सहकारी यांनीं हिशेब मांडला कीं, वाढत्या वयांत घेतलेल्या या किरणांमुळें पुढील आयुष्यांत कर्करोग होण्याची शक्यता, एकेका मुलापुरती अल्प असली तरी, लाखों मुलें मिळून उपेक्षणीय नाहीं. त्यानंतर विचार पालटला. मुलांच्या बाबतींत प्रथम ध्वनि, आणि त्यानें निर्णय न लागला तरच दुसरें कांहीं, हा क्रम आतां बहुतेक ठिकाणीं मान्य आहे.

महाराष्ट्रांत या यंत्राचा इतिहास इतका सरळ नाहीं. ज्या पडद्यावर आजारी मुलाचें आंतडें दिसतें, त्याच पडद्यावर गर्भ मुलीचा कीं मुलाचा हेंहि दिसतें. आणि पुष्कळांना तेवढेंच पाहावयाचें होतें. गर्भलिंगपरीक्षेस आळा घालणारा कायदा करणारें महाराष्ट्र हें पहिलें राज्य. तो १९८८ चा. देशाचा कायदा १९९४ सालीं झाला व २००३ सालीं अधिक कडक केला गेला. तरी राज्यांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या १९९१ च्या शिरगणतींत ९४६ होती ती २००१ मध्यें ९१३ वर आणि २०११ मध्यें ८९४ वर आली. त्यामुळें प्रत्येक यंत्राची नोंद, जागेची नोंद, हातांत धरून नेण्याजोग्या यंत्रांवर निर्बंध, हें सारें ओघानेंच आलें. आडगांवच्या रुग्णाच्या खाटेपाशीं यंत्र नेऊं इच्छिणाऱ्या बालवैद्यास हा जाच वाटतो, आणि तो खोटा नाहीं. पण ज्यांनीं तो ओढवून आणला ते कायदे करणारे नव्हेत.

शेवटीं या परीक्षेची मर्यादाहि सांगितली पाहिजे. आंत्रपुच्छ नेहमीं दिसतेंच असें नाहीं. तें मोठ्या आंतड्यामागें दडलेलें असतें, वायु फार असतो, मूल हातपाय झाडतें. 'दिसलें नाहीं' याचा अर्थ 'ठीक आहे' असा करणें ही चूक आहे, आणि ती घडते. अशा वेळीं जाणता वैद्य मुलास घरीं धाडीत नाहीं; कांहीं तासांनीं पुन्हा पोट पाहतो, पुन्हा शोधक लावतो. पुष्कळदां उलटहि होतें: आंत्रपुच्छ निरोगी आढळतें, आणि शेजारीं सुजलेल्या गांठी, किंवा आपल्याकडे अनेकदां, समांतर रेघांच्या आंत वळवळणारा जंत दिसतो. अशा मुलाची सुरी टळते आणि जंताच्या औषधावर काम भागतें.

कुशल परीक्षक यंत्र लावण्यापूर्वीं मुलास आईजवळच निजूं देतो, शोधकावरील थंडगार लेप आधीं आपल्या तळव्यावर कोमट करतो, आणि मग विचारतो, 'एकाच बोटानें दाखव बरें, सर्वांत जास्त कोठें दुखतें?' मूल बोट ठेवतें. शोधक प्रथम तेथेंच ठेवला जातो.